आधी वाट दाखव

आमच्या मॅडम पेशींशी बोलत. मनातल्या मनात नव्हे, चांगलं खणखणीत. मायक्रोस्कोपला डोळे लावलेले, डावा हात कमरेवर, आणि तोंडाने उलटतपासणी चालू: "तू कोन वं? कोनाच्या घरची? इथं काहून आली?"

मी नोकरीवर रुजू व्हायला गेलो त्या दिवशी हेच कानावर पडलं. मला वाटलं, मॅडम एखाद्या पोरीला झापताहेत. मोठ्या माणसाचं झापणं चालू असताना मध्ये शिरू नये एवढी अक्कल मला होती, म्हणून दाराबाहेर फाइल छातीशी धरून उभा राहिलो. बराच वेळ उभा राहिलो. आतली पोरगी काही बाहेर येईना. शेवटी टेक्निशियन चहा घेऊन आत जाता जाता म्हणाला, "सर, आत कोणी नाही. जा बिनधास्त."

मी साताऱ्याकडचा. एम.डी. होऊन नागपूरच्या रामदासपेठेतल्या एका इस्पितळाच्या पॅथॉलॉजी विभागात नवाकोरा दाखल झालो होतो. पदवीची शाई ओली होती आणि आत्मविश्वास मात्र वाळून कडक झाला होता. तो पुढे मॅडमनी कसा भिजवला आणि पिळला, त्याची ही हकिकत.

पण त्याआधी आमचं काम सांगायला हवं, नाहीतर मॅडमचा दरारा कळायचा नाही. अंगात ठिकठिकाणी वालाच्या दाण्याएवढ्या गाठी असतात. त्यांना आम्ही नोड म्हणतो. त्या सगळ्यांनाच असतात, तुम्हालाही आहेत, घाबरू नका. कॅन्सर आपली मूळ जागा सोडून निघाला, की पुष्कळदा त्याचा पहिला मुक्काम जवळच्या नोडमध्ये पडतो. म्हणून सर्जन नोड काढून आमच्याकडे पाठवतो. आम्ही त्याचा पापुद्रा काचेवर घेतो, रंगवतो, पाहतो आणि सांगतो, पसरलाय किंवा पसरलेला नाही. ऐकायला सोपं वाटतं. गोम अशी, की नोडमध्ये क्वचित अशा काही पेशी सापडतात ज्या तिथल्या नाहीत आणि कॅन्सरच्याही नाहीत. शरीर घडत असताना तिथे राहून गेलेल्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांना कॅन्सर म्हटलं, की एका माणसाचं आयुष्य फुकट सोलून निघतं. आणि खऱ्या कॅन्सरला त्या म्हटलं, तर विचारायलाच नको.

अशाच काही पेशींच्या प्रकरणात गांधीबागेतल्या एका बाईंचा उजवा हात मॅडमनी वाचवला. कुणापासून वाचवला, तर माझ्यापासून.

मॅडम साठीच्या पुढच्या. उंची बेताची, त्यामुळे स्टुलावर चढून बसत आणि पाय आडव्या दांडीवर ठेवत. गावाबाहेरच्या बेसाहून स्कूटरवर येत आणि रिकाम्या चौकातही हॉर्न वाजवत. कुणी विचारलं तर म्हणत, "दिसत नाही म्हणून नाही आहे, असं कोनी सांगितलं?" उन्हाळ्यात सगळं नागपूर कूलरपुढे लोळत असताना आमच्या खोलीतला कूलर त्या बंद करायला लावत, कारण त्याच्या घरघरीत त्यांना पेशींचं ऐकू येत नसे. असं त्या गंभीरपणे म्हणत. पहिल्या मे महिन्यात माझा घाम मायक्रोस्कोपच्या आयपीसमध्ये शिरला तेव्हा मीही काही पेशींशी बोललो, पण तो मजकूर छापण्यासारखा नाही.

स्लाइड हातात आली, की मॅडम ती आधी खिडकीच्या उजेडात धरून नुसत्या डोळ्यांनी पाहत. मग सगळ्यात कमी ताकदीच्या भिंगाखाली. पुन्हा पुन्हा तेच. मी जोरदार भिंग लावायला हात पुढे केला, की हातावर चापट. त्यांच्या बोलीत 'पाय' म्हणजे 'पाहा', हे मला त्या चापटीनेच शिकवलं. "दूरून पाय आधी. लग्नाच्या मांडवात शिरला की पहिल्यांदा एखाद्याच्या नाकाचे केस पाहतो का तू?" आणि पेशंटचं नाव-गाव-वय लिहिलेला कागद उलटा ठेवलेला. काय दिसलं ते आधी सांगायचं, कागद मग सुलटा करायचा.

या पद्धतीने माझी अब्रू दर आठवड्याला जायची. एकदा छातीतला एक नोड आला. काळाकुट्ट. पेशींच्या पोटात काळी भुकटी ठासून भरलेली. मी पुस्तक कोळून प्यालेला. काळ्या रंगाचा एक जहाल कॅन्सर असतो, तो मी ताडकन सांगितला. वर चार वाक्यांचं व्याख्यान दिलं. मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "झालं? आता त्या पेशीचं तोंड पाय. गरीब सफाईवाली आहे ते. अंगणातला कचरा उचलून पोटात घेते, दुसरं काही करत नाही. आणि कचरा कोनता आहे? हा मानूस खानीत असन, नाही तं जन्मभर चुलीपुढं." कागद सुलटा केला. उमरेडच्या कोळसा खाणीतले कामगार होते. पुढे पंधरा दिवस टेक्निशियन मला कॉफी देताना विचारायचा, "सर, काळी आहे. चालेल ना?"

तेव्हा मी ठरवलं, आता कॅन्सर या शब्दाला हात लावायचा नाही. महिनाभर मी संतासारखा वागलो. जे दिसेल ते निरुपद्रवी. त्याच धुंदीत एका नोडला 'साफ' म्हणून मोकळा झालो. मॅडमनी तो पुन्हा लावला. मग दबक्या आवाजात, जणू आतल्यांना ऐकू जाऊ नये, मला म्हणाल्या, "ह्या पाय. एकेकटीच फिरून राहिली. अंगावर सफाईवालीचा पदर घेतला आहे. पन पोटात कचरा कुठं आहे? हात स्वच्छ आहेत हिचे." खरंच की. झुंडीने न येता एकेकट्याने, तिथल्या घरच्या पेशींसारखं सोंग घेऊन पसरणारा एक कॅन्सर असतो. तोच होता. खास रंग चढवून पाहिलं आणि सोंग उघडं पडलं. मॅडम म्हणाल्या, "दया करायची असन तं घरी जाऊन कर गा. इथं फक्त पाय."

यावर त्यांनी मला आपला नियम शिकवला. नोडला बाहेरून एक भिंत असते. भिंतीच्या आत लगेच एक अरुंद गल्ली. बाहेरून येणारं जे काही असेल ते भिंतीतल्या बारीक दारांतून आधी त्या गल्लीत उतरतं आणि मग आत सरकतं. म्हणून 'पसरलाय' हा शब्द कुणी उच्चारला, की मॅडम मायक्रोस्कोपला जोडलेल्या स्क्रीनवरच्या हिरव्या बाणाची कळ त्याच्या हातात देत आणि म्हणत, "आधी वाट दाखव." बाण फिरवत फिरवत दाखवायचं, इथून शिरला, इथे गल्लीत दिसला, इथून आत गेला. मग दुसरी पायरी. मूळ गाठीची स्लाइड शेजारी लावायची आणि तोंडवळा जुळवायचा. हे दोन्ही झाल्याशिवाय विभागातलं कुणीही, अगदी दिल्लीहून आलेला पाहुणाही, तो शब्द उच्चारू शकत नसे. एका पाहुण्या प्रोफेसरांनी एकदा घाई केली होती. त्यांच्याही हातात कळ दिली. ते पाऊण तास बाण फिरवत बसले आणि त्यांचं विमान चुकलं.

मला मात्र हा नियम पाठ होता. पाठ असणं आणि वेळेला आठवणं यांत जे अंतर आहे, त्यात माझं बहुतेक आयुष्य गेलं आहे.

त्या दिवशी फ्रोझन होतं. म्हणजे असं, की पेशंट ऑपरेशन टेबलावर झोपलेली, सर्जन थांबलेला, नोड घाईघाईने आमच्याकडे आलेला. तो गोठवायचा, कापायचा, रंगवायचा आणि सर्जनला तिथल्या तिथे सांगायचं. बाईंना स्तनाचा कॅन्सर होता, गाठ लहान होती. नोड साफ निघाला तर काख तशीच ठेवायची. नोडमध्ये कॅन्सर निघाला तर त्याच वेळी काखेतले सगळे नोड काढायचे. सगळे काढले की पुढे अनेकींचा हात सुजतो. असा सुजतो, की बाही चढत नाही, वजन उचलवत नाही.

सर्जननी इंटरकॉमवर, बाईंच्या दुकानाच्या नावासकट, आधीच बजावलं होतं. "बाई गांधीबागेत कापडाचं दुकान चालवते बरं का. दिवसभर उजव्या हाताने फळीवरून कापडाचे तागे, थानं काढते. आत येताना एकच विचारलं तिने, डॉक्टरसाहेब, हात राहील ना माझा? तेव्हा नीट पाहा. पण लवकर पाहा."

मॅडम कोपऱ्यात दुसरं काम करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तू पाय आज." माझं पहिलं एकट्याचं फ्रोझन. मी स्टुलावर असा बसलो की जणू नागपूर मीच वसवलंय. स्लाइड लावली. आणि दिसल्या. पेशींचा एक पुंजका. नोडच्या नव्हेत हे शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं. स्तनाच्या कॅन्सरची पेशंट, काखेतला नोड, त्यात परक्या पेशी. दोन अधिक दोन. मी इंटरकॉमचं बटन दाबलं.

"सर, नोड पॉझि—"

मॅडमचा हात माझ्या बोटावर पडला आणि बटन सुटलं. त्या कोपऱ्यातून कधी उठल्या, कधी आल्या, मला कळलं नाही. दुसऱ्या हातात हिरव्या बाणाची कळ होती.

"वाट दाखव."

"मॅडम, सर्जन थांबलेत."

"थांबू दे. थो जागाच आहे. झोपली ते बाई आहे."

मी बाण हलवला. पुंजक्यावर ठेवला. तिथून मागे गल्लीकडे न्यायला लागलो. गल्ली रिकामी. दुसऱ्या बाजूने नेला. रिकामी. पुंजका कुठे आहे ते मग मी पहिल्यांदा पाहिलं. तो भिंतीच्या आत नव्हता. भिंतीतच होता. विटांमध्ये वीट बसवावी तसा.

"कापात गल्ली नीट आली नसेल," मी म्हटलं. हरणारा माणूस जसं म्हणतो तसं.

"मंग अजून काप घे." टेक्निशियनने आणखी खोल काप घेतले. गल्ली चहूबाजूंनी आली, स्वच्छ, झाडून काढल्यासारखी. मॅडमनी आधीच्या बायोप्सीची स्लाइड शेजारी लावली. मूळ गाठीतल्या पेशी दांडग्या, वेड्यावाकड्या, एकीचं तोंड दुसरीसारखं नाही. आणि ह्या भिंतीतल्या लहानशा, एकसारख्या, गुडघे जवळ घेऊन बसलेल्या.

"ह्या तिच्या घरच्या नाहीत," मॅडम म्हणाल्या. "कोन आहेत ते मले आत्ता माहीत नाही. पन तिच्या घरच्या नाहीत."

इंटरकॉम खरखरला. "मॅडम, अर्धा शब्द ऐकू आला. पॉझिटिव्ह ना? मी सुरू करू?"

"नाही."

"नाही म्हणजे निगेटिव्ह?"

"नाही म्हणजे काखेले हात लावू नको. रंग केल्यावर पक्कं सांगतो."

"आणि रंगात निघालं तर? पुन्हा भूल, पुन्हा टेबल. घरच्यांना काय सांगू मी?"

"माझं नाव सांग," मॅडम म्हणाल्या. "राहिलेले नोड मागाहून काढता येतात. काढलेले परत लावता येत असतीन तं कर सुरू."

मग सर्जन म्हणाले, "शिवतो." तो शब्द ऐकताना मॅडमनी डोळे मिटले होते. हे फक्त मी पाहिलं.

मला वाटत होतं, एवढं ठाम बोलणाऱ्या माणसाला पुढचे दिवस झोप छान लागत असेल. तसं नव्हतं. नोडच्या ठोकळ्यावर खास रंग चढवायला वेळ लागतो. तेवढ्या दिवसांत मॅडम पेशींशी बोलल्या नाहीत. डबा उघडत आणि झाकत. टेक्निशियनला दहादा विचारत, रंग आला का, आणि नाही म्हटलं की त्यालाच, "मंग इथं काहून उभा आहे?" एकदा हॉर्न न वाजवताच स्कूटर लावून वर आल्या, तेव्हा आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. मी धीर करून म्हटलं, "मॅडम, तुम्हाला खात्री होती ना?"

"खात्री?" त्या माझ्यावर उखडल्या. "खात्री तं तुले होती गा, त्या दिवशी. मले फक्त गल्ली रिकामी दिसली."

रंग आले ते एका दुपारी. एक रंग असा असतो, की स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी त्यात तपकिरी उठतात. मॅडमनी ती स्लाइड लावली. मी त्याच मायक्रोस्कोपच्या समोरच्या, दुसऱ्या आयपीसला. पुंजका कोरा. तेवढ्यावर थांबल्या नाहीत. नोडचा प्रत्येक कोपरा, प्रत्येक गल्ली, कुठे एखादी तपकिरी पेशी लपली आहे का ते शोधत राहिल्या. काही नाही. मग दुसरा रंग. तिळाच्या पेशी ओळखणारा. तुमच्या-माझ्या गालावर, मानेवर जो तीळ असतो, त्याच्या पेशी. पुंजका तपकिरी पेटला.

काखेतल्या नोडच्या भिंतीत एक तीळ होता. त्या बाईंसोबत जन्मला असेल, कदाचित त्याही आधी. कुणाचं काही न बिघडवता बसलेला. आणि मी त्याला उचलून गुन्हेगारांच्या रांगेत उभं केलं होतं. त्याची शिक्षा त्या बाईंच्या हाताला झाली असती.

मग मॅडमचा नेहमीचा आवाज परत आला, पण मऊ. "बस वं माय, बस. कोनी नाही उठवत तुले."

मी माझ्या धंद्यातली मोठमोठी माणसं नंतर पाहिली. परदेशातली पाहिली, पडद्यावर पेशी मोजणारी यंत्रं पाहिली. पण एखाद्या माणसाच्या अंगातल्या एवढ्याशा तिळाशी इतक्या आदराने बोलणारं मला कुणी भेटलं नाही. मी समोर बसलो होतो तरी मला तिथून उठून दाराबाहेर जाऊन उभं राहावंसं वाटलं.

"सर्जनले फोन तू कर," त्या म्हणाल्या. "अर्धा शब्द तुझा होता. पुरा कर."

मी फोन केला. सर्जन म्हणाले, "सुटलो बुवा. त्या दिवशी माझी सुरी हातात होती हो." मी "हो सर" म्हटलं आणि फोन ठेवला.

मॅडम पेशंटला कधी भेटत नसत. हेही त्यांचं एक खूळ. "मानूस पाहिला की पेशी नीट दिसत नाहीत," म्हणत. कुणी नातेवाईक आभार मानायला आला, तर मागच्या दाराने जात. म्हणून काही महिन्यांनी त्या अचानक, "चाल गा, अस्तराचं कापड घ्यायचं आहे," म्हणाल्या तेव्हा मी निमूट स्कूटरच्या मागे बसलो. रिकाम्या-भरल्या सगळ्या चौकांत हॉर्न वाजवत आम्ही गांधीबागेत पोचलो. गर्दीत दुकानांच्या पाट्या वाचत त्या एका दुकानापुढे थांबल्या. पाटी मीही वाचली. फ्रोझनच्या दिवशी सर्जनच्या तोंडी दुकानाचं हेच नाव ऐकलं होतं.

आत गादीवर पन्नाशीच्या एक बाई. कपाळावर ठसठशीत कुंकू, तोंडाचा पट्टा चालू. "या मावशी, काय दाखवू?"

"अस्तर. तो वरचा हिरवा दाखव वं."

बाई उठल्या. उजवा हात वर गेला, फळीवरचं थान खेचलं, काखेत धरलं आणि गादीवर फटकन उलगडलं. मॅडमनी कापडाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"त्याच्या वरचा. पिवळा."

पिवळा आला. "तो नाही वं, त्या कोपऱ्यातला. तिकडचा." तो आला. मग मरून. मग आकाशी. मग पुन्हा हिरवाच, पण 'थोडा गडद'. गादीवर कापडाचा डोंगर झाला. मॅडम स्टुलावर, पाय आडव्या दांडीवर, डावा हात कमरेवर. मी हे बसणं ओळखत होतो.

"मावशी," बाई शेवटी वैतागल्या, "पूरी दुकान उतरवली तुम्ही. हात दुखून राहिला माझा. घेता का नाही?"

"दुखून राहिला?" मॅडम पटकन पुढे झुकल्या. "कुठं? खांद्यात का कोपरात? जड वाटते का?"

"काहून? डॉक्टर आहा का तुम्ही?"

"नाही वं," मॅडम म्हणाल्या. "मी तं गिऱ्हाईक आहो."

"असं गिऱ्हाईक रोज आलं तं दुखनच ना! काय जड अन् काय हलकं, संध्याकाळी तेल लावलं की झालं." बाई हसल्या आणि त्याच हाताने मला ढकलल्यासारखं करून म्हणाल्या, "तुम्ही तरी सांगा, भाऊ, आईले. काही तं घ्या." मला 'आई'ची दुरुस्ती करावीशी वाटली नाही.

मॅडमनी एक मीटर हिरवं अस्तर घेतलं. सगळ्यात स्वस्तातलं. बाईंनी कात्री चालवली, कापड टरकन फाडलं, घडी घातली. "परत या मावशी. पन थोडं कमी पाहा."

रस्त्यावर आल्यावर मॅडमनी पिशवी हँडलला अडकवली, किल्ली लावली. मीच म्हटलं, "मॅडम, काय झटक्यात थानं काढत होत्या. वरच्या फळीवरचीसुद्धा."

"थानं काय पाहतो?" त्या म्हणाल्या. "बांगड्या पाहिल्या का? उजव्या हातातल्या?"

मी नव्हत्या पाहिल्या.

"मनगटापासून कोपरापर्यंत वरखाली होत होत्या," मॅडम म्हणाल्या. "सैल."